पेपर सुरू होतो पेरणीच्या दिवशी!

कृषी संशोधनाला आकड्यांची शिस्त लावणाऱ्या रोनाल्ड फिशरची गोष्ट

एमएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या सेमिस्टरचं हॉस्टेल कधी बघितलंय? एकाच्या लॅपटॉपवर एक्सेलची शीट उघडी असते, दुसऱ्याच्या टेबलावर शेतातल्या नोंदींची मळकी वही पडलेली असते आणि तिसरा सगळ्यांना एकच प्रश्न विचारत फिरत असतो, सीडी किती आली? ही सीडी म्हणजे गाण्यांची तबकडी नव्हे, क्रिटिकल डिफरन्स. दोन वाणांच्या किंवा दोन खतांच्या उत्पादनातला फरक या आकड्यापेक्षा मोठा निघाला तर तो दखल घेण्याजोगा, नाहीतर टेबलात एनएस लिहायचं, म्हणजे नॉन-सिग्निफिकंट. एनएस आलं की पोरांचे चेहरे पडतात. दोन हंगाम उन्हातान्हात राबलो ते फुकट गेलं, असं वाटायला लागतं.

सीडी, एनएस, आरबीडी, अनोव्हा, पाच टक्क्यांची पातळी. थिसिस असो की जर्नलला पाठवायचा पेपर, या शब्दांवाचून पान हलत नाही. यातले बहुतेक धागे मागे मागे नेले तर एकाच माणसापाशी जाऊन पोचतात. सर रोनाल्ड एल्मर फिशर. इंग्लंडमधल्या एका शेती संशोधन केंद्रात त्यानं १४ वर्षं नोकरी केली आणि तेवढ्या काळात प्रयोग कसा मांडायचा, आकडे कसे वाचायचे आणि पेपरात काय लिहायचं, हे सगळंच बदलून टाकलं.

डोळे अधू, गणित तोंडी

फिशरचा जन्म १७ फेब्रुवारी १८९० चा, लंडनच्या ईस्ट फिंचली भागातला. वडील कलावस्तूंच्या लिलावाच्या धंद्यात होते, त्यामुळे सुरुवातीला घरी सुबत्ता होती. पण तो १४ वर्षांचा असताना आई गेली आणि त्यानंतर दीड-दोन वर्षांत वडिलांचा धंदाही बसला. हॅरोसारख्या नामांकित शाळेत तो शिकला तो स्कॉलरशिपवर. १९०९ मध्ये केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात गेला, तेही स्कॉलरशिपवरच.

त्याची नजर लहानपणापासून फार कमजोर होती. दिव्याच्या उजेडात वाचायला डॉक्टरांनी मनाई केलेली. मग संध्याकाळी शिक्षक त्याला कागद-पेन्सिलीशिवाय गणित शिकवायचे. समीकरणं मांडायची सोयच नसल्यामुळे तो गणित डोळ्यांपुढे आकृत्यांसारखं उभं करायला शिकला. याचा फायदा झाला, तसा तोटाही. त्याला उत्तर दिसायचं, पण तिथपर्यंतच्या पायऱ्या लिहायची सवय लागली नाही. पुढे त्याचे गणिती पेपर वाचताना भल्याभल्यांना घाम फुटायचा, कारण त्याला उघड वाटणारी गोष्ट बाकीच्यांना सिद्ध करायला तास न् तास लागायचे. हुशारी आणि नीट समजावून लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्याच्याकडे बघून पटतं.

परत घेतलेला पेपर

१९१२ मध्ये पदवी मिळाली. त्यानंतरची सात वर्षं आजच्या भाषेत सांगायचं तर करिअरचा पत्ता नव्हता. कॅनडात काही महिने एका शेतावर काम केलं. लंडनच्या एका गुंतवणूक कंपनीत आकडेमोडीची नोकरी केली. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा सैन्यात जायची फार इच्छा होती, पण डोळ्यांमुळे नापास झाला. मग १९१५ ते १९१९ शाळांमध्ये फिजिक्स आणि गणित शिकवलं. शिकवण्यात त्याचं मन रमत नव्हतं. १९१७ मध्ये रूथ आयलीनशी लग्न झालं आणि ही मंडळी गावाकडे छोटीशी शेती करून, जनावरं पाळून राहू लागली.

या सगळ्या धबडग्यात त्यानं एक मोठा पेपर लिहिला. त्या वेळी आनुवंशिकतेच्या अभ्यासकांमध्ये दोन तट पडले होते. मेंडेलचे अनुयायी म्हणायचे, गुणधर्म सुटे सुटे असतात. वाटाणा एक तर गोल असतो, नाहीतर सुरकुतलेला. समोरचा कार्ल पिअर्सनचा गट म्हणायचा, माणसांच्या उंचीकडे बघा, ती तर सलग बदलत जाते, तिथे सुटे घटक कुठून आणणार? फिशरनं गणितानं दाखवलं की दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. उंचीवर पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा परिणाम होत असेल, तर त्यांची बेरीज सलगच दिसणार.

१९१६ मध्ये त्यानं हा पेपर लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवला. परीक्षक कोण? एक मेंडेलच्या बाजूचे पनेट आणि दुसरे खुद्द पिअर्सन. दोघांनाही त्यात फारसा रस वाटला नाही. थेट नकार आला नाही, पण एकूण सूर बघून फिशरनं पेपर मागे घेतला. पुढे चार्ल्स डार्विनचा मुलगा लेनर्ड डार्विन मदतीला आला आणि १९१८ मध्ये एडिंबराच्या रॉयल सोसायटीनं तो छापला. व्हेरियन्स हा शब्द आज ज्या अर्थानं आपण वापरतो, तो पहिल्यांदा या पेपरात आला. अनोव्हामधला व्ही तोच. आणि ज्या रॉयल सोसायटीत पेपर अडला होता, तिनंच १९२९ मध्ये फिशरला फेलो म्हणून निवडलं.

पहिल्याच जर्नलनं पेपर परत पाठवला म्हणून रडत बसलेल्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवायला हरकत नाही. फक्त एक गोष्ट विसरू नका, तो पेपर छापला गेला कारण त्यातलं काम भक्कम होतं.

पाऊणशे वर्षांच्या वह्या

१९१९ मध्ये फिशरपुढे दोन नोकऱ्या होत्या. एक पिअर्सनच्या प्रसिद्ध प्रयोगशाळेतली. मान मोठा, पण पिअर्सनच्या हाताखाली, त्याच्या मर्जीनं काम करायचं. दुसरी लंडनच्या उत्तरेला, हार्पेंडन गावातल्या रॉथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रातली. ती तात्पुरती होती आणि पैसेही बेताचेच. फिशरनं शेती निवडली.

रॉथॅमस्टेड हे साधंसुधं ठिकाण नव्हतं. जॉन बेनेट लॉस हा जमीनदार आणि सुपरफॉस्फेट खताचा कारखानदार. त्यानं रसायनशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री गिल्बर्टला सोबत घेऊन १८४३ मध्ये इथे प्रयोग सुरू केले. ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात दर वर्षी गहू पेरायचा, एका पट्ट्याला शेणखत, दुसऱ्याला नुसतं नत्र, तिसऱ्याला नत्र-स्फुरद-पालाश, एकाला काहीच नाही. उत्पादन मोजायचं, पावसाची नोंद ठेवायची. हे वर्षानुवर्षं चाललं होतं. फिशर आला तेव्हा संचालक होते सर जॉन रसेल. त्यांची अपेक्षा साधी होती, या पाऊणशे वर्षांच्या वह्यांमधून आणखी काही निघतंय का, ते या तरुण गणितज्ञानं बघावं.

फिशर हातानं फिरवायचं मिलियनेअर नावाचं गणनयंत्र घेऊन बसला. नाव लाखमोलाचं, पण काम घामाचं. १९२१ मध्ये केंब्रिजच्या जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल सायन्समध्ये त्याचा पेपर आला, पिकांतल्या चढउतारांचा अभ्यास, भाग पहिला. ब्रॉडबाल्कच्या १३ प्लॉटमधलं १८५२ ते १९१८ पर्यंतचं गव्हाचं उत्पादन त्यात होतं. त्यानं चढउतारांचे तीन भाग वेगळे काढले. एक, दर वर्षीच्या हवामानामुळे होणारी वरखाली. दोन, जमिनीचा कस हळूहळू कमी होत गेल्यामुळे होणारी घट. तीन, या दोन्हींत न बसणारे संथ बदल, काही दशकं वाढ आणि मग घसरण.

हे संथ बदल कशामुळे? ना पावसाशी जुळत, ना खताशी. फिशरनं संशय घेतला तो तणावर. पूर्वी गावातली पोरं शेतात हातानं तण काढायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शाळा सक्तीची झाली, पोरं वर्गात गेली आणि खुरपणीला हात कमी पडले. म्हणजे गव्हाच्या आकड्यांमध्ये इंग्लंडच्या शिक्षण कायद्याची सावली पडली होती! आकड्यांच्या टेबलामागे शेतात काय घडलं, हे माहीत नसेल तर पेपरचा डिस्कशन हा भाग पोकळ राहतो. फिशर हे पहिल्याच फटक्यात शिकला.

आणखी एक गोष्ट त्याला इथेच कळली, आणि ती जास्त महत्त्वाची होती. ब्रॉडबाल्कचा डेटा ढीगभर होता, पण प्रयोगाची मांडणी १८४३ च्या समजुतीप्रमाणे झालेली. प्रत्येक खताला एकच लांब पट्टा. शेणखताच्या पट्ट्यात गहू जास्त आला तर तो शेणखतामुळे की तिथली माती मुळातच चांगली होती म्हणून, हे ठामपणे कसं सांगणार? पट्टा एकच असेल तर तुलना कशाशी करायची? गणित कितीही भारी केलं तरी, जे शेतात मांडलंच नाही ते वहीतून काढता येत नाही.

बटाट्यांचं टेबल

१९२३ मध्ये त्याच मालिकेचा दुसरा भाग आला. सोबत विनिफ्रेड मॅकेंझी ही सहकारी होती. विषय होता बटाटा. १२ वाणांना वेगवेगळी खतं दिली, तर प्रत्येक वाणाचा प्रतिसाद वेगळा असतो का? शेतकऱ्यांच्या दृष्टीनं प्रश्न अगदी व्यवहाराचा. वाणागणिक खताचा डोस बदलायचा की नाही, हे त्यावर ठरणार. उत्तर असं आलं, की या प्रयोगात तरी वाणांनी खताला दिलेल्या प्रतिसादात खास फरक दिसत नाही. आजच्या भाषेत, इंटरॲक्शन एनएस! पण या पेपरनं इतिहास घडवला, कारण अनोव्हाचं टेबल छापील स्वरूपात इथे पहिल्यांदा आलं. एनएस म्हणजे वाया गेलेलं काम नव्हे, याचा याहून चांगला दाखला शोधून सापडणार नाही.

त्या पेपरात एक चूकही होती. शेतात मोठ्या प्लॉटचे छोटे भाग करून खतं दिलेली होती. आज ज्याला आपण स्प्लिट प्लॉट म्हणतो, तसा प्रकार. अशा मांडणीत मोठ्या प्लॉटमधली चूक वेगळी मोजायची आणि छोट्या भागांमधली वेगळी. फिशरनं १९२३ मध्ये सगळं एकाच एररवर तोललं. दोन वर्षांनी आलेल्या आपल्या पुस्तकात मात्र त्यानं त्याच शेतातले बटाट्यांचे आकडे पुन्हा घेतले आणि दोन एरर वेगळे काढून हिशेब मांडला. स्प्लिट प्लॉटचा डेटा साध्या आरबीडीसारखा चालवणं ही आजही कृषीच्या थिसिसमध्ये सापडणारी चूक आहे. तुमची मांडणी शेतात जशी होती, ॲनालिसिसही तशीच हवी.

चहाचा कप

रॉथॅमस्टेडचा सगळ्यात गाजलेला प्रयोग शेतात झालाच नाही. शैवालांचा अभ्यास करणाऱ्या म्युरिअल ब्रिस्टल यांना फिशरनं एकदा चहाचा कप पुढे केला. त्यांनी तो घ्यायला नकार दिला, कारण त्यात दूध नंतर घातलं होतं. दूध आधी घातलेला चहा चवीवरून ओळखता येतो, असं त्यांचं म्हणणं. बाकीच्यांना ही थट्टा वाटली. पण मग बघूच या, असं ठरलं.

१९३५ च्या प्रयोगरचनेवरच्या पुस्तकात फिशरनं हा प्रसंग उदाहरण म्हणून घेतला. ८ कप करायचे. ४ कपांत दूध आधी, ४ कपांत नंतर. कप कोणत्या क्रमानं द्यायचे ते नशिबावर सोडायचं. बाईंनी आधी दूध घातलेले ४ कप निवडायचे. ८ मधून ४ कप निवडायच्या ७० पद्धती असतात. म्हणजे निव्वळ अंदाजपंचे सगळं बरोबर यायची शक्यता ७० मध्ये १. एवढ्या कमी शक्यतेची गोष्ट समोर घडली, तर बाईंच्या जिभेत काहीतरी आहे असं मानायला जागा आहे. एक कप जरी चुकला, तरी दावा लटका पडतो, कारण ३ बरोबर आणि १ चूक असं नुसत्या नशिबानं सहज घडू शकतं. पुस्तकात त्यानं बाईंचं नाव दिलं नाही आणि निकालही सांगितला नाही. त्याला दाखवायचं होतं ते वेगळंच. कोणता निकाल आला तर काय म्हणायचं, हे पहिला कप उचलण्याआधी ठरलेलं हवं.

साहेबांना दिलेलं उत्तर

१९२५ मध्ये फिशरचं संशोधकांसाठीच्या संख्याशास्त्रीय पद्धतींवरचं पुस्तक आलं. गणिती सिद्धता त्यात जवळजवळ नाहीतच. आहेत ती सोडवून दाखवलेली उदाहरणं आणि वापरायला तयार तक्ते. गणिती मंडळींनी नाकं मुरडली, पण शेतावर आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं. पुस्तकाच्या पुढे आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या.

पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, त्याचे साहेब सर जॉन रसेल यांनी ब्रिटिश कृषी मंत्रालयाच्या जर्नलमध्ये शेतातले प्रयोग कसे करावेत यावर लेख लिहिला. फिशरचं त्यानं समाधान होईना. त्याच जर्नलमध्ये काही महिन्यांत त्याचा लेख आला, शेतातल्या प्रयोगांची मांडणी. जेमतेम ११ पानं. साहेबांना उत्तर म्हणून बघा किंवा शेतीशास्त्राला दिलेली भेट म्हणून, आपल्या प्रयोगाच्या सगळ्या खुंट्या त्या ११ पानांत आहेत.

समजा, तुम्हाला सोयाबीनचे ५ वाण तपासायचेत. रान एका बाजूला उताराचं आहे, खालच्या अंगाला ओल जास्त टिकते. एक वाण एकाच प्लॉटमध्ये पेरला तर ब्रॉडबाल्कचीच गत होणार, म्हणून प्रत्येक वाण अनेकदा पेरा. हे रेप्लिकेशन. उताराच्या आडव्या दिशेनं रानाचे पट्टे पाडा आणि प्रत्येक पट्ट्यात पाचही वाण बसवा, म्हणजे ओलीचा फरक सगळ्यांच्या वाट्याला सारखा येईल. हे ब्लॉक. आणि पट्ट्याच्या आत कोणता वाण कुठे जाणार, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. हे रँडमायझेशन. तिन्ही मिळून झाली आरबीडी, रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन.

यातल्या चिठ्ठ्यांवर त्या काळी खूप वाद झाला. गिनेस या बिअर कंपनीत काम करणारा आणि स्टुडंट या टोपणनावानं पेपर लिहिणारा विल्यम गॉसेट हा फिशरचा मित्र. टी-टेस्ट त्याचीच. त्याला वाटायचं, अनुभवी माणसानं विचारपूर्वक, समतोल राखून केलेली मांडणी चिठ्ठ्यांपेक्षा बरी. फिशरचं म्हणणं असं, की तुम्ही कितीही समतोल राखा, मातीत असा एखादा फरक लपलेला असतो जो तुम्हाला दिसत नाही. चिठ्ठ्या टाकल्या की तो कोणा एका वाणाच्या बाजूनं मुद्दाम झुकत नाही, आणि मुख्य म्हणजे चुकीचा जो अंदाज आपण काढतो तो विश्वासार्ह ठरतो. दोघं शेवटपर्यंत सहमत झाले नाहीत, मैत्री मात्र टिकली.

याच लेखात एका वेळी एकच गोष्ट तपासावी हा जुना समजही त्यानं खोडला. नत्र, पालाश आणि वाण एकत्र तपासले तर तेवढ्याच रानात जास्त प्रश्नांची उत्तरं मिळतात आणि एकमेकांवरचे परिणामही कळतात. फॅक्टोरियल प्रयोग म्हणतात तो हाच.

आणि पाच टक्के? २० वेळा करून एकदा नशिबानं जे घडू शकतं, ती रेषा सोयीची म्हणून फिशरनं धरली. आकाशातून पडलेला नियम म्हणून ती त्यानं दिली नव्हती. एका प्रयोगात रेषा ओलांडली म्हणून काम फत्ते, असंही त्याला म्हणायचं नव्हतं. नीट मांडलेला प्रयोग पुन्हा पुन्हा केला आणि जवळजवळ दर वेळी तोच निकाल आला, तरच ती गोष्ट सिद्ध मानावी, हा त्याचा आग्रह होता. आपल्याकडची अनेक कृषी जर्नल्स शेतातल्या प्रयोगाचा किमान दोन हंगामांचा डेटा मागतात, त्यामागे हेच शहाणपण आहे. आणि आज पी-व्हॅल्यू ०.०४९ आली की पेढे आणि ०.०५१ आली की सुतक, हा जो प्रकार चालतो, त्याचं खापर सगळंच्या सगळं फिशरवर फोडता येणार नाही.

कोलकात्यातलं भाषण

फिशरचा भारताशी संबंध जुना. प्रशांतचंद्र महालनोबिस १९२६-२७ च्या सुमारास रॉथॅमस्टेडला जाऊन आले होते. पुढे त्यांनी कोलकात्यात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट उभी केली. जानेवारी १९३८ मध्ये तिथे पहिली भारतीय संख्याशास्त्र परिषद भरली, तिचा अध्यक्ष होता फिशर. त्याच्या त्या भाषणातला एक विचार आज जगभर सांगितला जातो. प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे गेलेल्या माणसासाठी डॉक्टर बोलावण्यासारखं आहे. फार तर प्रयोग कशानं मेला, एवढं तो सांगेल.

हे वाक्य कृषीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं हंगामाच्या आधी आठवावं. जर्नलच्या संपादकाकडे पेपर गेला की परीक्षक आधी मटेरियल अँड मेथड्स वाचतो. जमीन कोणती, पाऊस किती, प्लॉटचा आकार केवढा, रेप्लिकेशन किती, चिठ्ठ्या टाकल्या की नाही, नोंदी कधी घेतल्या. यातली एकही गोष्ट लॅपटॉपसमोर बसून निर्माण करता येत नाही. ती पेरणीच्या दिवशी शेतात केलेली असावी लागते आणि त्याच दिवशी वहीत लिहिलेली असावी लागते. इंग्रजी सुधारता येतं, रेफरन्सची मांडणी बदलता येते, टेबल पुन्हा आखता येतं. तीनऐवजी दोनच रेप्लिकेशन घेतले असतील, तर तिसरा कुठून आणणार?

फिशरची ही शिस्त आपल्याकडे रुजवण्यात मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात जन्मलेले, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले पां. वा. सुखात्मे लंडनला जाऊन डॉक्टरेट घेऊन आले. त्यांनी आणि वि. गो. पानसे यांनी मिळून लिहिलेलं कृषी संशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं १९५४ मध्ये काढलं. राहुरी असो, अकोला, परभणी की दापोली, पानसे-सुखात्मे हे जोडनाव माहीत नाही असा कृषीचा पीजी विद्यार्थी विरळाच.

फारच छान जुळलेले आकडे

१९३६ मध्ये फिशरनं मेंडेलचा वाटाण्यांवरचा जुना पेपर हाती घेतला आणि त्यातले आकडे तपासले. निष्कर्ष अवघडल्यासारखा होता. मेंडेलचे आकडे त्याच्या सिद्धांताशी जितके जुळत होते, तितके निसर्गात सहसा जुळत नाहीत. फिशर मेंडेलला मानत होता, त्याचा सिद्धांतही त्याला पूर्ण मान्य होता. मेंडेलच्या एखाद्या मदतनीसाला काय उत्तर हवंय हे कळलेलं असावं, असा त्याचा कयास होता. त्या आकड्यांवर अभ्यासक नंतर कित्येक दशकं वाद घालत राहिले.

यातून घ्यायचा धडा सरळ आहे. खऱ्या शेतात एखादा प्लॉट रानडुकरं तुडवतात, एखाद्या कोपऱ्यात पाणी साचतं, एखादा आकडा विचित्र येतो. तो तसाच लिहायचा आणि कारण नोंदवायचं. सगळं गुळगुळीत दिसावं म्हणून आकडे घासले, तर आकड्यांची भाषा जाणणारा माणूस ते ओळखतो. अगदी ७० वर्षांनीही.

आणि दुसरी बाजू

फिशरची आरती ओवाळून थांबता येणार नाही. केंब्रिजमध्ये शिकत असल्यापासून तो युजेनिक्सचा, म्हणजे माणसांची पैदास निवडून सुधारावी या विचाराचा, खंदा पुरस्कर्ता होता. हा विचार किती घातक आहे, हे जगानं विसाव्या शतकात बघितलं. दुसऱ्या महायुद्धानंतर युनेस्कोनं वंशभेदाविरुद्ध निवेदन काढलं, तेव्हाही फिशरनं त्यावर आक्षेप नोंदवला. त्याच्या कॉलेजात त्याच्या सन्मानार्थ लॅटिन स्क्वेअरची रंगीत काचेची खिडकी बसवली होती. ती २०२० मध्ये काढण्यात आली.

१९५० च्या दशकात सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध पुढे आला, तेव्हा फिशर विरोधात उभा राहिला. संबंध दिसतो म्हणजे कारण सिद्ध होत नाही, चिठ्ठ्या टाकून माणसांना सिगारेट ओढायला लावलेली नाही, असा त्याचा तर्क. पुस्तकी नियमाप्रमाणे मुद्दा चुकीचा नव्हता. पण पुरावे चहूबाजूंनी येत होते आणि त्याच वेळी तो तंबाखू उत्पादकांच्या समितीचा सल्लागार होता. स्वतः पाइप ओढायचा, ते वेगळंच. एवढा बुद्धिमान माणूस इथे साफ चुकला. म्हणून तर पेपरच्या शेवटी पैसे कुणी दिले आणि हितसंबंध काय आहेत, हे जाहीर करायची पद्धत आली आहे. ती ओळ भरताना कंटाळा करू नका.

१९३३ मध्ये रॉथॅमस्टेड सोडून तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाला, पिअर्सनच्याच जागी. १९४३ मध्ये केंब्रिजला जेनेटिक्सचा प्राध्यापक. १९५२ मध्ये सर ही पदवी मिळाली. शेवटची वर्षं ऑस्ट्रेलियात गेली आणि २९ जुलै १९६२ ला ॲडलेडमध्ये त्याचं निधन झालं. भांडखोर म्हणून तो जितका प्रसिद्ध होता, तितकाच शेतातला आकडा मनापासून ऐकणारा म्हणूनही.

ब्रॉडबाल्कमध्ये आजही गहू पेरला जातो. १८४३ ची मांडणी आता बदलता येत नाही, तिच्या उणिवा सांभाळूनच ते आकडे वाचावे लागतात. तुमचं रान मात्र अजून मोकळं आहे. पेरणीला वेळ असेल तर आत्ताच कागद घ्या आणि निकालाचं रिकामं टेबल आखा. कोणते रकाने भरायचे आहेत ते बघा, किती रेप्लिकेशन लागतील ते गाईडला आणि स्टॅटिस्टिक्सच्या सरांना विचारा. मग चिठ्ठ्या टाका.